शाळांचा ताळेबंद मांडणारा संशोधक : जेम्स कोलमन

मुलाच्या यशाचे श्रेय शाळेचे की घराचे, हा प्रश्न आपल्या घरांतून दर वर्षी निकालाच्या दिवसांत हटकून निघतो. अमक्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागला आणि तमक्या शाळेचा साठावरच अडला, एवढे वर्तमानपत्रात वाचले की पहिली शाळा उत्तम व दुसरी सुमार, असा निवाडा आपण हातातला चहाचा पेला खाली ठेवण्यापूर्वीच देऊन टाकतो. पहिल्या शाळेत प्रवेश कोणाला मिळतो, तिच्या मुलांच्या घरी पुस्तकांचे कपाट असते की नाही, त्यांची आई किती शिकलेली असते, हे विचारावयाचे मात्र राहून जाते. हेच प्रश्न एका खंडप्राय देशातील लाखो मुलांचे आकडे हाती घेऊन ज्यांनी विचारले, आणि जे उत्तर निघाले ते कोणाला रुचो वा न रुचो, जगापुढे ठेवले, त्या जेम्स सॅम्युएल कोलमन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांची ओळख आज करून द्यावी असे मनात आहे.

मी आयुष्यभर माध्यमिक शाळेत गणित शिकविले. त्यामुळे या गृहस्थांविषयी मला दुहेरी कुतूहल वाटत आले. एक म्हणजे, माझाच विषय घेऊन ते माझ्याच वर्गाच्या दारात उभे राहिले. आणि दुसरे म्हणजे, फळ्यापाशी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या श्रमाला काही किंमत आहे की नाही, हाच प्रश्न त्यांच्या आकड्यांमुळे ऐरणीवर आला. आपल्या बडोद्याच्या वाचकांना तर हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानाला लागू केला, ही गोष्ट आपण आपल्या नातवंडांना अभिमानाने सांगतो. त्या कायद्याने शाळेचे दार सर्वांना उघडले. परंतु दार उघडल्यानंतर आत बसलेल्या सगळ्या मुलांच्या पदरात सारखेच पडते काय? कोलमन यांच्या आयुष्याचा मोठा भाग या दुसऱ्या प्रश्नाच्या शोधात गेला.

कोलमन यांचा जन्म १२ मे १९२६ रोजी इंडियाना राज्यातील बेडफर्ड या गावी झाला. पुढे त्यांचे कुटुंब केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे गेले आणि तेथील एका मोठ्या हायस्कुलातून १९४४ साली ते बाहेर पडले. त्या शाळेत फुटबॉलच्या खेळाचे माहात्म्य फार होते आणि कोलमन स्वतःही खेळाडू होते. ही बारीकशी गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण तिचे बीज पुढे त्यांच्या एका ग्रंथात उगवलेले दिसते. युद्धाचे दिवस होते. ते आरमारात भरती झाले. युद्ध संपल्यावर त्यांनी पर्ड्यू विद्यापीठातून १९४९ साली रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि फोटोग्राफीचे साहित्य तयार करणाऱ्या ईस्टमन कोडॅक कंपनीत नोकरी धरली.

बरी नोकरी, सुरक्षित भवितव्य. आपल्याकडील कोणत्याही वडिलांना जावई म्हणून पसंत पडावा असाच हा तरुण होता. परंतु द्रव्यांच्या मिश्रणापेक्षा माणसांच्या मिश्रणाचे कोडे त्याला अधिक ओढ लावीत होते. १९५१ साली नोकरी सोडून तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात समाजशास्त्र शिकावयास गेला. तेथे त्याला गुरू लाभले ते थोर. रॉबर्ट मर्टन हे समाजाच्या रचनेचा तात्त्विक विचार करणारे, तर पॉल लाझार्सफेल्ड हे व्हिएन्नाहून आलेले, गणिताचे पदवीधर आणि लोकमताच्या पाहण्यांचे शास्त्र उभारणारे. सेमूर लिपसेट यांच्याबरोबर त्याने छापखान्यांतील कामगारांच्या संघटनेचा अभ्यास केला आणि त्यातून १९५६ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ आजही वाचला जातो. १९५५ साली डॉक्टरेट पदरात पडली. अभियंत्याची हिशेबी नजर आणि समाजशास्त्रज्ञाची जिज्ञासा अशी ही दुर्मीळ जोड होती. १९६४ साली त्यांनी गणिती समाजशास्त्रावर एक मोठा पाठ्यग्रंथही लिहिला.

काही वर्षे शिकागो विद्यापीठात काढून १९५९ साली कोलमन बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले व तेथे त्यांनी सामाजिक संबंधांचा नवा विभाग उभा केला. त्याच सुमारास त्यांचे लक्ष हायस्कुलांकडे वळले. इलिनॉय राज्यातील दहा हायस्कुले त्यांनी निवडली. त्यांत लहान गावांतल्या शाळा होत्या, तशा शहरी व सुखवस्तू वस्तीतल्याही होत्या. तेथील मुलामुलींना त्यांनी साधेसेच प्रश्न विचारले. शाळेत मान कोणाला मिळतो? पुढे तुझी आठवण कोणत्या गुणासाठी राहावी असे तुला वाटते? उत्तरे आली ती शिक्षकांनी मनन करण्यासारखी होती. मुलांत मान होता खेळाडूला. मुलींत मान होता रूपाला व लोकप्रियतेला. अभ्यासात पहिला येणारा या रांगेत बराच मागे उभा होता. १९६१ साली द अॅडोलेसंट सोसायटी या ग्रंथात त्यांनी हे मांडले. वडीलधाऱ्यांनी मुलांना वर्षानुवर्षे एका इमारतीत एकत्र कोंडले की मुले आपले निराळेच जग रचतात आणि त्या जगाचे कायदे शिक्षक ठरवीत नाहीत, हा त्या ग्रंथाचा गाभा.

या निष्कर्षावर हळहळत बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी असा विचार केला की, खेळाडू जिंकतो तेव्हा सगळ्या शाळेची मान उंचावते म्हणून त्याला मान मिळतो. अभ्यासातला हुशार मुलगा मात्र आपल्याच सोबत्यांना मागे टाकतो, म्हणून तो डोळ्यांत खुपतो. तेव्हा शाळाशाळांमध्ये बुद्धीच्या स्पर्धा लावा, शिकण्यालाच खेळाचे रूप द्या. पुढे काही वर्षे ते वर्गात खेळावयाचे शैक्षणिक खेळ तयार करण्यात रमले होते. निवडणूक, व्यवहार, आयुष्यातील निवडी यांचे गणित मुलांनी खेळता खेळता शिकावे असे ते खेळ होते.

परंतु ज्या कामाने त्यांचे नाव घरोघर गेले, ते पुढेच होते. त्या काळची अमेरिका आपण ध्यानात घेतली पाहिजे. कृष्णवर्णीय व गौरवर्णीय मुलांसाठी कायद्याने वेगळ्या शाळा ठेवणे घटनेच्या विरुद्ध आहे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला होता. तरी दहा वर्षांनंतरही बहुतेक मुले वेगवेगळ्याच शाळांत जात होती. कोलमन या प्रश्नापासून अलिप्त राहिलेले पुस्तकी पंडित नव्हते. बाल्टिमोरजवळ ग्विन ओक नावाचे एक करमणुकीचे उद्यान होते व तेथे कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. १९६३ साली त्याविरुद्ध झालेल्या निदर्शनांत कोलमन यांना कुटुंबासह अटक झाली. हेही वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढे याच माणसावर कोणता आळ आला ते आपल्याला पाहावयाचे आहे.

२ जुलै १९६४ रोजी नागरी हक्कांचा कायदा झाला. त्याच्या ४०२ व्या कलमात एक अट होती. वंश, वर्ण, धर्म किंवा मूळ देश यांमुळे कोणाला शिक्षणाची समान संधी नाकारली जात आहे, याची देशभर पाहणी करून दोन वर्षांच्या आत अध्यक्षांना व काँग्रेसला अहवाल द्यावा. या कामाची धुरा कोलमन यांच्याकडे आली व व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे अर्नेस्ट कँपबेल त्यांचे सहकारी झाले. १९६५ च्या शरद ऋतूत पाहणी झाली. सुमारे ४,००० शाळा, ६०,००० शिक्षक आणि सहा लाखांच्या आसपास विद्यार्थी! पहिली, तिसरी, सहावी, नववी आणि बारावी अशा पाच इयत्तांतील मुलांनी चाचण्या सोडविल्या. काही शहरांनी सहकार्य नाकारले, त्यामुळे चित्रात पोकळ्या राहिल्या. तरीही समाजशास्त्राच्या इतिहासात एवढी मोठी पाहणी क्वचितच झाली होती. संगणक त्या वेळी खोलीभर जागा अडवीत व माहिती भोके पाडलेल्या पत्त्यांवर भरावी लागे, हे आठवले म्हणजे दोन वर्षांच्या मुदतीत हे काम तडीस गेले याचेच नवल वाटते.

पाहणीतून काय निघणार, याविषयी कोणाच्याच मनात शंका नव्हती. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा मोडक्या असतील, तेथे प्रयोगशाळा नसतील, ग्रंथालये नसतील, वर्ग तुडुंब भरलेले असतील आणि म्हणून ती मुले मागे पडत असतील. सरकारने तेथे पैसा ओतला की प्रश्न सुटेल. अधिकाऱ्यांचा तर्क असा होता आणि स्वतः कोलमन यांचीही अपेक्षा याहून फारशी वेगळी नव्हती.

आकडे निराळेच बोलू लागले. मुले वेगळी बसत होती, हे तर खरेच ठरले. पहिल्या इयत्तेतील ६५ टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय मुले ज्या शाळांत होती, त्या शाळा जवळजवळ सर्वस्वी कृष्णवर्णीयांच्याच होत्या, आणि गोऱ्या मुलांपैकी ८० टक्क्यांच्या आसपास मुले जवळजवळ निव्वळ गोऱ्यांच्या शाळांत होती. मुलांच्या गुणांतील दरीही खरी ठरली. ईशान्येकडील महानगरांत कृष्णवर्णीय मुले सहावीत सुमारे दीड इयत्ता मागे होती, ती बारावीत सव्वातीन इयत्तांच्याही मागे गेली होती. म्हणजे शाळेत काढलेल्या वर्षांनी अंतर कमी केले नव्हते. परंतु इमारती, पुस्तके, शिक्षकांच्या पदव्या आणि वर्गातील पटसंख्या यांत दोन्ही प्रकारच्या शाळांमधील फरक अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी निघाला. आणि जो काही फरक होता, त्याचा मुलांच्या गुणांशी असलेला संबंध क्षीण होता.

येथे थोडे गणित सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. भिण्याचे कारण नाही, मी सोप्या रीतीने सांगतो. समजा, एका शहरात वीस शाळा आहेत आणि सर्व मुलांना एकच प्रश्नपत्रिका दिली आहे. मुलांचे गुण सारखे येणार नाहीत. या कमीअधिकपणाचे दोन भाग पाडता येतात. एक भाग शाळाशाळांच्या सरासरीतील फरकाचा, दुसरा एकाच शाळेत शेजारी बसणाऱ्या मुलांमधील फरकाचा. आपण निकालाच्या दिवशी पाहतो तो फक्त पहिला भाग. कोलमन यांनी दोन्ही मोजले आणि असे दिसले की, बारावीतील मुलांच्या भाषिक चाचणीत शाळाशाळांमधील फरकाचा वाटा एकूण फरकाच्या चतुर्थांशाहूनही कमी आहे. गोऱ्या मुलांत तर तो दहा टक्क्यांच्या आसपासच आहे. उरलेला सगळा फरक एकाच छपराखालचा! एकाच शाळेचे, त्याच शिक्षकांचे विद्यार्थी, तरी त्यांच्यातील अंतर दोन शाळांमधील अंतराहून कितीतरी मोठे.

मग हे अंतर कशाशी जुळते? सर्वांत बळकट नाते निघाले ते घराशी : आईबापांचे शिक्षण, घरातील पुस्तके, मुलाविषयीची आस्था. त्यानंतर महत्त्व होते सोबत्यांना. मुलगा कोणत्या मुलांबरोबर शिकतो, त्यांच्या घरी शिक्षणाची हवा आहे की नाही, याचा परिणाम दिसत होता आणि तो गरीब घरच्या मुलांवर अधिक होता. शिक्षकांच्या भाषाप्रभुत्वाचाही काही परिणाम होता व तोही वंचित मुलांवर जास्त. आणखी एक गोष्ट अशी आढळली की, आपले भवितव्य आपल्या हाती आहे, केवळ दैवाधीन नाही, असे ज्या मुलाला वाटते ते पुढे जाते. कृष्णवर्णीय मुलांच्या बाबतीत तर या एका भावनेचे नाते शाळेच्या सगळ्या साधनांपेक्षा अधिक घट्ट होते.

७३७ पानांचा हा अहवाल जुलै १९६६ च्या आरंभी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीच्या तोंडावर प्रसिद्ध करण्यात आला. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या ओस पडलेल्या असताना नकोसा कागद बाहेर सोडावयाचा, ही सरकारी हातचलाखी आपल्याकडेही अपरिचित नाही. परंतु आकडे फार दिवस झाकून राहिले नाहीत. हार्वर्ड विद्यापीठात डॅनियल मॉयनिहन आणि संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक मोस्टेलर यांनी केवळ या एका अहवालाची फेरतपासणी करण्यासाठी विद्वानांचे चर्चासत्र भरविले व १९७२ साली त्याचा ग्रंथ निघाला.

विद्वानांनी दोष दाखविले, आणि ते क्षुल्लक नव्हते. सॅम्युएल बोल्स आणि हेन्री लेव्हिन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६८ साली घेतलेला आक्षेप मला सर्वांत मार्मिक वाटतो. सधन, सुशिक्षित घरचे मूल बहुधा चांगल्या शाळेतच जाते. तेव्हा त्याच्या यशाचा काही हिस्सा असा असतो की, तो घराचा म्हणावा तरी चालेल आणि शाळेचा म्हणावा तरी चालेल. दोन भावांच्या सामाईक शेतातील धान्यासारखाच हा प्रकार. पहिल्या भावाला आधी बोलावून तुझे काय ते ने म्हटले, तर सामाईक ढीगही तोच नेणार व दुसऱ्याच्या वाट्याला झाडलोट उरणार. कोलमन यांनी हिशेबात घराला आधी बोलाविले, म्हणून शाळेच्या वाट्याला कमी आले, असा आक्षेप होता. क्रम ठेवण्यामागे त्यांचे कारण होते, कारण मूल आधी घरात जन्मते, मग शाळेत जाते. पण त्या क्रमाने शाळेचे माप कमी भरले गेले, हे संख्याशास्त्राच्या दृष्टीने मान्य करावेच लागते.

माझ्या मते आणखी एक मोठा गैरसमज सर्वसामान्य वाचकांनी करून घेतला. शाळाशाळांतील फरकाने गुणांत फारसा फरक पडत नाही, याचा अर्थ शाळेने काहीच होत नाही असा नव्हे. गावातल्या सर्व विहिरींचे पाणी सारखेच गोड असेल, तर कोणत्या विहिरीचे पाणी प्यालो यावरून प्रकृतीत फरक दिसणार नाही. पण म्हणून पाणी निरुपयोगी ठरत नाही. अहवालात शाळा बंद ठेवून पाहिल्या नव्हत्या, फक्त एकीशी दुसरीची तुलना केली होती. कोलमन यांचा स्वतःचा निष्कर्ष अधिक विचारपूर्वक होता. त्यांनी प्रश्नाची व्याख्याच बदलली. शाळेला किती पैसा, किती पुस्तके दिली, यावरून समानता मोजू नका. मूल बाहेर पडते तेव्हा त्याच्या जन्माच्या घराची सावली त्याच्यावर किती उरली आहे, यावरून मोजा. शाळेचे काम ती सावली पुसण्याचे आहे, आणि ते काम ती करीत नाही, ही त्यांची खंत होती.

सोबत्यांच्या परिणामाचा निष्कर्ष मात्र न्यायालयांत व शासनात उचलला गेला. मिश्र शाळांत गरीब मुलांचे भले होते, तर मुलांना बसगाड्यांतून दूरच्या शाळांत नेऊन मिश्रण घडवावे, असे आदेश निघू लागले. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयानेही या उपायाला मान्यता दिली. कोलमन यांचे नाव या धोरणाशी जोडले गेले व सुधारकांच्या गोटात ते पूज्य झाले.

आणि मग १९७५ साल उजाडले. आता शिकागोला परतलेल्या कोलमन यांनी १९६८ ते १९७३ या काळातील शाळांचे आकडे दोन सहकाऱ्यांसह तपासले. मोठ्या शहरांत मिश्रणाची सक्ती वेगाने झाली तेथे गोरी कुटुंबे शहर सोडून उपनगरांत जात आहेत, आणि त्यामुळे ज्या शाळा मिश्र व्हावयाच्या त्या पुन्हा एकरंगीच होत आहेत, असे त्यांना आढळले. ते त्यांनी लपविले नाही. ज्यांनी कालपर्यंत त्यांना डोक्यावर घेतले, ते खवळून उठले. काही संशोधकांनी आकड्यांवर सरळ शास्त्रीय आक्षेप घेतले. शहरांतून उपनगरांकडे जाण्याची लाट आधीपासूनच होती, तिचा सगळा भार या धोरणावर टाकता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते व त्यात तथ्य होते. वाद तेवढ्यावर राहता तर बरे होते. परंतु अमेरिकन समाजशास्त्र परिषदेचे तत्कालीन अध्यक्ष आल्फ्रेड मॅक्लंग ली यांनी कोलमन यांच्या निषेधाचा घाट घातला. तो ठराव तडीस गेला नाही, पण १९७६ च्या अधिवेशनात कोलमन बोलावयास उभे राहिले तेव्हा व्यासपीठामागे त्यांच्या नावाबरोबर नाझींचे स्वस्तिक काढलेले फलक लावलेले होते. आपल्याकडे उंबरठ्यावर रेखावयाचे हे मंगलचिन्ह युरोपात काय अर्थाने वापरले गेले ते सर्वांना ठाऊक आहे. वर्णभेदाविरुद्ध मुलाबाळांसह अटक पत्करणाऱ्या माणसाच्या वाट्याला तेरा वर्षांनी हे आले.

कोलमन डगमगले नाहीत, आणि कडवटही झाले नाहीत. धोरणाचे परिणाम पाहावयाचे तर ते सोयीचे असोत वा गैरसोयीचे, सारख्याच नेटाने पाहिले पाहिजेत, ही त्यांची भूमिका शेवटपर्यंत राहिली. १९८१ मध्ये पुन्हा वादळ उठले. १९८० साली सुमारे हजार हायस्कुलांतील ५८,००० च्या आसपास मुलांची पाहणी झाली होती. तिच्यावरून त्यांनी व दोन सहकाऱ्यांनी सरकारी, खाजगी व कॅथलिक शाळांची तुलना केली. घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावरही कॅथलिक शाळांतील मुले थोडी पुढे होती, आणि गरीब व सधन घरच्या मुलांमधील दरी तेथे कमी होती. टीकाकारांनी विचारले की, फी भरून मुलाला तेथे घालणारे आईबाप आधीच अधिक दक्ष नसतील कशावरून? हा प्रश्न रास्त आहे आणि तो आकड्यांनी पुरता सुटत नाही. परंतु त्यातून कोलमन एका नव्या कल्पनेकडे वळले. त्या शाळांतील मुलांचे आईबाप एकमेकांना ओळखतात, प्रार्थनामंदिरात भेटतात, एकमेकांच्या मुलांवर नजर ठेवतात. ही ओळखदेख, हा विश्वास, हेही एक भांडवलच आहे, असे त्यांनी १९८८ च्या निबंधात मांडले. सामाजिक भांडवल हा शब्द आज सर्वत्र ऐकू येतो, तो रूढ करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. मला हे वाचताना आपले जुने वाडे आठवले. तेथे शाळा चुकवून तळ्यावर गेलेल्या मुलाची बातमी मुलाच्या आधी घरी पोचत असे, आणि कान पिळण्याचा अधिकार शेजारच्या काकूंनाही असे.

१९९० साली त्यांचा सिद्धांतविषयक महाग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या परिषदेत त्यांच्या निषेधाची भाषा झाली होती, तिचेच अध्यक्षपद १९९२ साली त्यांच्याकडे आले. २५ मार्च १९९५ रोजी शिकागो येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय ६८ होते.

माणूस गेला, तरी त्यांनी मांडलेला ताळेबंद चालूच राहिला. १९८३ साली स्टीफन हेनमन आणि विल्यम लॉक्सली या संशोधकांनी २९ देशांतील शाळांचे आकडे तपासले. त्यांत भारतही होता. देश जितका गरीब, तितका तेथे घराचा प्रभाव कमी व शाळेचा आणि शिक्षकाचा प्रभाव जास्त, असे त्यांना आढळले. याचे कारण समजण्यासारखे आहे. जेथे विहिरी सारख्या नाहीत, एक भरलेली व दुसरी कोरडी, तेथे कोणत्या विहिरीवर गेलो याला महत्त्व येणारच. दुसरीकडे १९८० नंतर हार्वे गोल्डस्टीन, स्टीफन रॉडनबुश, अँथनी ब्रिक आदी संख्याशास्त्रज्ञांनी नवी पद्धती विकसित केली. मूल वर्गात, वर्ग शाळेत, शाळा वस्तीत, अशी जी उतरंड असते, तिच्यातील प्रत्येक मडके वेगळे मोजता येईल अशी ही रीत. तिच्यामुळे हेही कळू लागले की, कोऱ्या टक्केवारीवरून शाळांची क्रमवारी लावणे धोक्याचे असते. मूल शाळेत आले तेव्हा कोठे होते आणि निघाले तेव्हा कोठे पोचले, हे अंतर पाहिले तर पुष्कळ नामांकित शाळा खाली येतात आणि काही अनाम शाळा वर चढतात. तरीसुद्धा या मोजणीत अनिश्चितता इतकी असते की, मधल्या शाळांत पहिली कोण व दुसरी कोण हे छातीठोकपणे सांगता येत नाही.

आणि २०१० साली जेफ्री बोरमन आणि मॅरिट्झा डाउलिंग यांनी कोलमन यांचेच १९६६ चे जुने आकडे या नव्या रीतीने पुन्हा मांडले. मुलांच्या गुणांतील फरकाचा सुमारे ४० टक्के भाग शाळाशाळांमधला आहे, असे त्यांना दिसले. शाळेत गरीब व कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण किती, याचा परिणाम मुलाच्या स्वतःच्या घरच्या परिस्थितीहूनही अधिक असल्याचे त्यांनी दाखविले. म्हणजे शाळेचा वाटा कोलमन यांच्या हिशेबापेक्षा मोठा निघाला, आणि सोबत्यांविषयी त्यांनी म्हटलेले मात्र अधिकच पक्के झाले.

शिक्षक म्हणून मला यात समाधान आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु त्याहून मोलाची वाटते ती ही गोष्ट की, कोलमन यांचा हिशेब दुरुस्त करावयासही कोलमन यांच्याच वह्या उपयोगी पडल्या. सहा लाख मुलांची उत्तरे त्यांच्या पाहणीने जमविली व ती पुढच्यांच्या हाती पडली, म्हणून चव्वेचाळीस वर्षांनी ती पुन्हा वाचता आली. आपल्या शहरातील शाळांविषयी आपण उद्या निकालपत्र हाती घेऊन काही बोलावयास लागू, तेव्हा त्या टक्केवारीच्या शेजारी आणखी एक रकाना असावा, असा आग्रह आपण पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी धरावा : मुले या शाळेत आली तेव्हा कोणत्या घरांतून आली होती? तो रकाना भरला जात नाही, तोवर कोणती शाळा खरोखर शिकविते हे आपल्यापैकी कोणालाच ठाऊक असणार नाही.